उसाच्या पाटावर येणाऱ्या करकोच्याचे पाय पांढरे पडलेत, आजारी आहे का?

मळीतला_गडी
नमस्कार मंडळी. आमचं रान वाळवा तालुक्यात, नदीकडेला. गेला महिनाभर उसाला पाणी सोडलं की एक मोठा पक्षी येतोय, कमरेएवढा उंच असेल, अंग काळं पण उन्हात जांभळट-हिरवं चमकतं, मान मात्र पांढरी लोकरी, मफलर गुंडाळल्यासारखी, आणि डोक्यावर काळी टोपी. मी दारं धरत असतो आणि हा दहा-बारा फुटांवर निवांत उभा, घाबरत पण नाही. परवा पाटातला खेकडा धरला, दोनदा बांधावर आपटला, एक नांगी तुटून पडली, खेकडा गिळून झाल्यावर ती नांगी पण शोधून उचलली पठ्ठ्यानं.
आता काळजी ही की त्याचे लाल पाय चुना फासल्यागत पांढरे झालेत. आबा म्हणतात फवारणीचं काहीतरी लागलंय. आणि शेजारी म्हणतोय ऊस तुडवतोय, दगड घाल.

चिंचेखालचा
राखी बगळा असेल रे, आमच्या भिलवडीकडं ढीगभर आहेत.

दुर्बीणवाला_सांगली
बगळा नाही. उडताना बघा, बगळा मान दुमडून घेतो, करकोचा सरळ पुढं ताणून उडतो. वर्णनावरनं हा कांडेसर, म्हणजे पांढऱ्या मानेचा करकोचा.
आणि भावा, पायाला काही झालेलं नाही, ती त्याची स्वतःचीच शिट आहे. हसू नको, खरंच. पक्ष्यांना घाम येत नाही, मग ऊन चढलं की करकोचे पातळ शिट मुद्दाम स्वतःच्या पायावर सोडतात, ती वाळताना पायातलं रक्त गार होतं आणि तेच अंगात फिरतं. माठाला आपण ओलं फडकं गुंडाळतो ना, तसलाच प्रकार. पाय धुतले गेले की परत लाल दिसतील.

ऊसवाली_ताई
तुमच्यावर जीव जडलाय म्हणून येत नाही हो तो 😄 पाणी भेगांत शिरलं की रातकिडे, बेडूक, सरडे सगळे बाहेर पळतात, त्याला आयतं ताट. म्हणून तर पाण्याच्या तोंडाशीच उभा राहतो. फक्त एक करा, दाणेदार औषध टाकलं असेल त्या दिवशी त्याला त्या सरीत येऊ देऊ नका, मेलेले किडे खाऊन पक्षी पण मरतो. आणि शेजारी दादांना सांगा, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बसतंय हे, दगड महागात पडेल. जखमी वगैरे दिसला तर वनखात्याचा १९२६ नंबर लावायचा.

चिंचेखालचा
बरोबर आहे ताई, माझंच चुकलं. ओरडतो कसा पण हा?

दुर्बीणवाला_सांगली
जवळजवळ मुकाच. घरट्यावर जोडीदार आला की चोच वाजवतात, कटकटकट.

मळीतला_गडी
आज मुद्दाम बघत बसलो. ह्या आठवड्यात लाईट दुपारची आहे, दीडला मोटर चालू केली, पाच मिनिटांत साहेब हजर. थोड्या वेळानं एक पाय उचलला, जरा वाकला आणि सोडली की हो सरळ पायावर! आबांना हाक मारून दाखवलं. आबा म्हणतात, "आपण लाईटसाठी उन्हात येतोय, ह्याला कुणी सांगितलंय?"