नवा सबवूफर जोडला, पण सोफ्यावर खर्ज पोचतच नाही

डोंबिवलीकर:
रिसीव्हर आणि पाच स्पीकर घरात आधीपासून आहेत. दिवाळीत १० इंची पॉवर्ड सबवूफर (फक्त खर्ज वाजवणारा, स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असलेला स्पीकर) घेतला, रिसीव्हरच्या 'सब प्री-आउट'मधून आरसीए केबलने जोडला आणि टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात ठेवला. हॉल १४ बाय १० फूट. सिनेमा लावला की मागच्या भिंतीपाशी मांडणीतली भांडी थरथरतात, आणि सोफ्यावर, म्हणजे हॉलच्या बरोबर मध्यावर, काहीच नाही. भजन लावलं तर सब जवळजवळ गप्पच. बाबांना पखवाजाची धूम, म्हणजे कणीक लावलेली खर्जाची बाजू, नीट ऐकता यावी म्हणून तर घेतला! वर सतत बारीक 'हूंऽऽ' चालू असतं. परत देऊ का?

खर्जप्रेमी:
परत देऊ नका. भजनाचं कारण बहुतेक सेटिंगमध्ये आहे. रिसीव्हरच्या मेनूत स्पीकर 'लार्ज'वर असतील तर गाण्यातला खर्ज त्यांच्याकडेच राहतो, सबला फक्त सिनेमाचा '.१', म्हणजे खास खर्जाचा, चॅनेल मिळतो. पाचही 'स्मॉल' करा, भले ते आकाराने मोठे असोत. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज सबकडे जातो तो आकडा, ८० हर्ट्झ. सबवरचं क्रॉसओव्हरचं बटण मात्र सगळ्यात मोठ्या आकड्यापर्यंत फिरवून ठेवा, नाहीतर एकच खर्ज दोनदा गाळला जातो.

जुना_तबलजी:
वरचं सगळं करा, पण सोफाही हलवा. १४ फूट म्हणजे सव्वाचार मीटर. ४० हर्ट्झच्या लाटेची लांबी साडेआठ मीटर, म्हणजे तुमच्या हॉलमध्ये बरोबर अर्धी लाट बसते. भिंतींपाशी ती दणकते आणि मध्यावर मरते. तिथे आवाज कितीही वाढवला तरी उपयोग नाही. सोफा दीड-दोन फूट मागे घ्या. मग सब चक्क सोफ्यावर ठेवा, ओळखीचं भजन लावा आणि भिंतीच्या कडेकडेने रांगत फिरा. जिथे डग्गा गोल, सुटा ऐकू येईल, ती सबची जागा.

'हूं'साठी सेट-टॉप बॉक्सची केबल काढून बघा. अर्थिंगची पिन मात्र कुणी सांगितलं तरी तोडू नका. त्यात जिवाला धोका आहे.

डोंबिवलीकर:
रविवारी सगळं केलं. स्पीकर खरंच 'लार्ज'वर होते. केबलवाल्याची वायर काढताच 'हूं' जागीच थांबलं. आता तिथे ग्राउंड लूप आयसोलेटर (वायरीतून येणारं असं 'हूं' अडवणारा छोटा जोड) लावणार आहे. सोफा दोन फूट मागे गेला. रांगताना कोपऱ्यात सगळे बोल एकमेकांत मिसळत होते, शोकेसच्या अलीकडे मोकळे झाले. सब तिथे ठेवला. सबवरचा फेजचा, म्हणजे त्याची लाट उलटी करणारा, खटका १८० वर केल्यावर सोफ्यावर खर्ज आणखी भरला, तसाच ठेवलाय.

बाबा सोफ्यावर बसून ऐकत होते. मधेच म्हणाले, "कणीक ताजी लावलेली दिसतेय."

जुना_तबलजी:
वा! आता आवाज थोडा कमीच ठेवा. खालच्या मजल्यावर खर्ज आधी पोचतो. सबखाली जाड रबराचे पाय लावा.