व्यायाम वाढला, वजन उतरतंय. माळकरी घरात खुराक कसा वाढवू?

मंडळी, मदत हवी आहे. वय 27, उंची पाच फूट सात, राहणार कोल्हापूर. जानेवारीपासून पहाटे रंकाळ्यावर पळतो आणि आठवड्यातले चार दिवस संध्याकाळी जिम. सुरू केलं तेव्हा 62 किलो होतो, आता 58. थायरॉइड, साखर तपासून झालं, दोन्ही ठीक. बी12 कमी निघालं, त्याच्या गोळ्या चालू आहेत.

'मटण खा' सांगणार असाल तर थांबा. घरात माळ आहे, अंडंसुद्धा चालत नाही. मित्र पांढऱ्या रश्श्याची वाटी पुढं सरकवतात आणि वर म्हणतात, "यात पीस नाही रे, नुसता रस्साच आहे."

मागच्या मंगळवारी आईचा डोळा चुकवून दिवसभराचं सगळं काट्यावर मोजलं. सकाळी पोहे, डब्यात तीन चपात्या आणि भाजी, संध्याकाळी एक केळं, रात्री दीड भाकरी, आमटी, थोडा भात, ताक. बेरीज साडेसोळाशे कॅलरींच्या आसपास, प्रथिनं 42 ग्रॅम. बसून काम करणाऱ्यालासुद्धा किलोमागे 0.83 ग्रॅम लागतात, म्हणजे मला 48. व्यायाम करणाऱ्याला 70 ते 90 तरी हवीत. खरा धक्का आमटीनं दिला. चौघांच्या आमटीला तूरडाळ निघाली 100 ग्रॅम! माझ्या वाटीत पंचवीस ग्रॅम डाळ, बाकी पाणी, चिंच आणि चटणीचा तवंग. प्रथिनं साडेपाच ग्रॅम. आणि मी आजवर छातीठोक सांगत होतो, डाळ रोज खातो म्हणून.

गंमत म्हणजे गेल्या एकादशीला मोजलं तर उपवासाच्या दिवशी कॅलरी जास्त भरल्या. साबुदाणा, दाण्याचं कूट, तूप, वर रताळं!

आता अडचण. भूक नाही असं नाही, पण दीड भाकरीत पोट गच्च होतं. गल्लीतल्या तालमीचे वस्ताद म्हणाले, "लेका, तुझं पळणं घोड्याचं आणि खाणं चिमणीचं. बदाम, खसखस, बडीशेप कुंडीत घोट, थंडाई पी, वर म्हशीचं दूध." पैलवानांचं ठीक आहे हो, ते हजार बैठका मारतात. मी हौसेनं एका दमात अर्धा लिटर दूध प्यायलो आणि रात्रभर पोट डबडबलं. हिशेबानं ते जवळपास पाचशे कॅलरींचं होतं, म्हणून सोडवत नाही. सोयाबीनच्या वड्या आणल्या तर आई म्हणाली, "हे मटणासारखं दिसतंय, माझ्या भांड्यात नको." पावडरीचा डबा पाहिला तर ती औषधच समजेल.

तेव्हा विचारायचं हे, की पोट न फुगवता सात-आठशे कॅलरी कुठं बसवू? दूध दोन-तीन वेळांत विभागून चालेल का, की दह्यावर जाऊ? आणि तूप-शेंगदाणे किती वाढवावेत? वडिलांना हृदयाचा त्रास आहे, त्यामुळे घरात तेला-तुपाचा चमचा मोजूनच पडतो.

भर (दहा दिवसांनी): उत्तरांबद्दल आभार. 'आधी घट्ट खा, पातळ शेवटी' हा सल्ला लागू पडला. माझ्यापुरतं घट्ट वरण आमटीच्या आधीच बाजूला काढतो, त्यासाठी डाळ दुप्पट शिजते. ताक जेवणानंतर तासाभरानं. दूध सकाळ-रात्र एकेक पेला, पोट गप्प आहे. डब्यात दाण्याची चटणी दह्यात कालवून नेतो. तीस ग्रॅम दाण्यांत 170 कॅलरी आणि सात-साडेसात ग्रॅम प्रथिनं निघतात. वजन उतरायचं थांबलंय, वाढलेलं मात्र नाही.

एकच उरलं. फर्स्ट शिफ्टला अकरा वाजता दहा मिनिटांची सुट्टी मिळते, हात मशिनच्या तेलानं माखलेले असतात. तेवढ्यात खाता येईल असं काय न्यावं? गूळ-शेंगदाण्याचे लाडू नेले होते, पण ते खिशात वितळले आणि निम्मे तर शेजारच्या मशिनवाल्यानंच संपवले.