मदत हवी: मासळीच्या सुरीवर जोगलटेंभीच्या नाण्याची नक्षी

देवगडचा_दर्या
नमस्कार मंडळी. ट्रकच्या पाट्याची घडवून घेतलेली सुरी आहे, पाणी दिलेली (म्हणजे तापवून, विझवून कडक केलेली). पातं सहा इंच लांब, सव्वा इंच रुंद, मुठीच्या तोंडाशी पितळी कडं. पात्यावर नाशिकजवळच्या जोगलटेंभीच्या खजिन्यातलं नाणं हवंय: क्षत्रप राजा नहपानाचा चेहरा आणि त्यावर गौतमीपुत्र सातकर्णीने मारलेला शिक्का. पण छिन्नी नुसती घसरते, ओरखडे तेवढे उमटतात. पातं भट्टीत तापवून मऊ करावं का? की मिठाच्या पाण्याची विजेची पद्धत पुरेल? नक्षी काळी दिसली तर उत्तम.

छिन्नी_हातोडी
तापवू अजिबात नका. पाणी दिल्यावर पातं साधारण २०० अंश सेल्सिअसवर पुन्हा तापवून थोडं उतरवलेलं (ठिसूळपणा कमी केलेलं) असतं. त्यापुढे गेलात आणि निळी झाक आली की कडकपणा गेला, मग धार टिकायची नाही. कडक पात्यावर साधी हायस्पीड छिन्नी घसरणारच. कार्बाइडची घेतलीत तर टोक तुटतं. हाताचं कोरीवकाम पाणी द्यायच्या आधी करायचं असतं. आता पात्यावर वीज वापरा आणि छिन्नी पितळी कड्यावर चालवा. चौकोनी छिन्नीचं तोंड ४५ अंशांत घासा, टोकालगतच्या खालच्या उताराला, म्हणजे टाचेला, पंधरा-वीस अंश द्या आणि टाच आरशासारखी चकचकीत करा. टाच खरबरीत राहिली तर खाचही खरबरीत येते. गौतमीपुत्राच्या शिक्क्यात टेकडी असते, तिच्याखालची नागमोडी रेघ कड्याभोवती झकास बसेल.

खारं_पाणी
विजेचं सांगतो. १२ व्होल्ट डीसी, १-२ अँपियरचा अ‍ॅडाप्टर घ्या. धन टोक पात्याला, ऋण टोक कापसाच्या बोळ्याला. उलटं जोडलंत तर पातं खाल्लंच जात नाही. अर्धा कप पाण्यात चमचाभर मीठ. नक्षी व्हिनाइल स्टिकरवर कापून घ्या आणि बाकीचं पातं, विशेषतः धार, पूर्ण टेपने झाका. ओघळ गेला तिथे खड्डा पडतो. बोळा ३-४ सेकंद टेकवायचा, उचलायचा, पुन्हा टेकवायचा. हिरवट-तपकिरी गाळ आला की बोळा बदला. नखाला खाच लागली की खोली पुरे. काळेपणासाठी स्टिकर न काढता शेवटी १२ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरचा एसी दोन-चार वेळा टेकवा. घरातल्या प्लगची वीज थेट लावण्याचा विचारही नको. खिडक्या उघड्या ठेवा, वास क्लोरिनचा असतो.

नाणेघाट
नक्षीबद्दल. जोगलटेंभीला १९०६ मध्ये नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली आणि त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राने आपला शिक्का मारून घेतला होता. शिक्क्यात तीन कमानींची टेकडी, आणि अधिक चिन्हाच्या चार टोकांना चार वर्तुळं असलेलं उज्जैन चिन्ह. नाणं जेमतेम दीड सेंटिमीटरचं, म्हणजे तुमच्या पात्यावर मूळ आकारातच मावेल. चेहऱ्याभोवतीची ग्रीक अक्षरं मात्र सोडा, स्टिकरमध्ये अर्ध्या मिलिमीटरहून बारीक रेघ टिकत नाही. दोन स्टिकर करा: आधी चेहरा उथळ, मग त्यावरच शिक्का खोल. अर्धा पुसलेला चेहरा हीच त्या नाण्याची गंमत आहे. (जहाजाचं नाणं सुचवणारे येतीलच. यज्ञश्री सातकर्णीचं दोन डोलकाठ्यांचं जहाज सुरेख आहे, पण ती नाणी पूर्व किनाऱ्याकडची. नहपानाचा आपल्याशी संबंध आहे: नाशिकच्या लेण्यांतल्या त्याच्या जावयाच्या लेखात शूर्पारक, म्हणजे आपलं सोपारा, येतं.)

देवगडचा_दर्या
आभार. पाट्याच्या तुकड्यावर करून पाहिलं. कडा फाटक्या येतात, आणि टेकडीच्या कमानी एकमेकींत मिसळल्या.

खारं_पाणी
बोळा फार ओला आहे. पिळून घ्या; टेकवल्यावर बाजूने थेंब सुटता कामा नये. दुसरं, सलग धरून ठेवलंत की पातं तापतं, स्टिकरचा डिंक सैल होतो आणि पाणी खाली शिरतं. म्हणूनच मध्ये उचलायचं. तिसरं, चिकटवण्याआधी अ‍ॅसिटोनने पुसून पातं वाळू द्या, बोटाचा तेलकट ठसासुद्धा पुरतो. कमानींमध्ये निदान पाऊण मिलिमीटर अंतर ठेवा, कारण खाच खोल जाते तशी आडवीही पसरते. वर्तुळातले सुटे ठिपके हलू नयेत म्हणून स्टिकर ट्रान्सफर टेपनेच उचला.

छिन्नी_हातोडी
नक्षी धारेपासून निदान ८ मिमी वर, पाठीच्या बाजूला घ्या, नाहीतर घासता घासता दोन-चार वर्षांत धार तिथवर पोचेल. काम झाल्याबरोबर खायच्या सोड्याची पेस्ट जुन्या टूथब्रशने खाचेत चोळा, भरपूर पाण्याने धुवा आणि हेअर ड्रायरने वाळवा. गॅसवर धरू नका. खाचेत मीठ राहिलं तर आपल्या हवेत रात्रीत तांबेरा धरतो, मासळीचं खारं पाणीही तेच करतं. वर खाद्य दर्जाचं मिनरल ऑइल. खोबरेल चालतं, पण खाचेत साचून खवट होतं. कडं आमसुलाने लख्ख होईल, फक्त त्याचं पाणी पात्यावर ठेवू नका, डाग पडतात. आणि कडं पात्याला जिथे भिडतं ती फट रोज कोरडी करा. पितळ, लोखंड आणि खारं पाणी एकत्र आलं की आधी लोखंडच गंजतं. पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात तर मुळीच ठेवू नका, तेल लावून सुती फडक्यात गुंडाळा.