ऑर्ग-मोड: डन केल्यावरही आवर्ती काम मागच्याच तारखेला का राहतं?

प्रश्न
ऑर्ग-मोडमध्ये (ईमॅक्स या संपादकातली, साध्या मजकुरात कामांची यादी ठेवण्याची सोय) दर सोमवारचं बॅकअपचं काम लावलंय. शेड्यूल्ड (काम हाती घ्यायची) तारीख ६ जानेवारी २०२५, पुढे एका आठवड्याचा `+` रिपीटर (काम झालं की तारीख आपोआप पुढे नेणारी खूण). मधले आठवडे राहून गेले. २९ जानेवारीला डन (पूर्ण) केलं तर तारीख १३ जानेवारी झाली, काम परत टुडू (बाकी) आणि अजेंड्यात (तारखेनुसार कामांच्या यादीत) अजून थकलेलंच. शिवाय ३१ जानेवारीचं मासिक काम ३ मार्चवर गेलं. असं का?

उत्तर १
`+` शिक्क्यातल्या (कामाखाली तारीख आणि रिपीटर लिहिलेल्या कंसातल्या) तारखेत फक्त एक मुदत मिळवतो. आज काय तारीख आहे हे तो बघतच नाही. चुकलेला प्रत्येक हप्ता भरावाच लागतो अशा कामांना हेच हवं असतं.

तुम्हाला `++` हवा. तो वार सोमवारच ठेवून भविष्यातली तारीख येईपर्यंत पुढे जातो, म्हणजे २९ जानेवारीला डन केलं की थेट ३ फेब्रुवारी. (खूपच जुनी तारीख असेल तर दहा उड्यांनंतर "पुढे जाऊ का?" विचारतो, हो म्हणा.) `.+` मात्र डन केल्या दिवसापासून मोजतो: ५ फेब्रुवारी, बुधवार. फिल्टर धुणं, कुंडीला खत घालणं अशा कामांत वार नाही, मधलं अंतर महत्त्वाचं. तिथे तो लावा. बॅकअपला लावलात तर वार दर खेपेला भरकटेल.

उत्तर २
३१ तारखेबद्दल. ऑर्ग फक्त महिन्याचा आकडा वाढवतो, त्यामुळे "३१ फेब्रुवारी" तयार होते आणि जादाचे तीन दिवस मार्चमध्ये सांडतात. लीप वर्षात २ मार्च येईल. मूळ ३१ कुठेच नोंदलेली नसते, म्हणून पुढच्या महिन्यांतही ३ तारीखच राहते. महिनाअखेरची कामं १ तारखेच्या डेडलाइनवर ठेवा आणि शिक्क्यात आधी रिपीटर, मग `-` लावून दोन दिवसांची पूर्वसूचना लिहा.

आणखी एक खड्डा: डेडलाइनला रिपीटर आहे पण त्याच कामाच्या शेड्यूल्डला नाही, तर डन करताच शेड्यूल्डची तारीख पुसली जाते. रिपीटर दोन्हीकडे लिहा.

प्रश्नकर्ता
`++` लावला, तारीख बरोबर आली. पण काम कायमचं बंद कसं करायचं? कॅन्सल्ड (रद्द) केलं तरी परत टुडू होतंय.

उत्तर १
कॅन्सल्ड ही डनच्याच गटातली स्थिती, म्हणून रिपीटर चालतो. कंट्रोल-यू, मग उणे एक, मग स्थिती बदलायचं नेहमीचं कंट्रोल-सी कंट्रोल-टी दाबा. रिपीटरचा आकडा ० होतो आणि काम खरंच बंद होतं. किंवा शिक्क्यातला रिपीटर हातानं खोडून डन करा, शेवटी साधा मजकूरच आहे. चालू ठेवणार असाल तर त्याखालचे चेकबॉक्स तपासा: तारीख पुढे गेली तरी जुन्या खुणा तशाच राहतात आणि न घेतलेला बॅकअप घेतल्यासारखा दिसतो.