मदत हवी आहे : बांध उडवला की बग्गीचा डावा एक्सल कपातून निसटतो

चिखलगाडी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं वाचतोय, लिहायची वेळ पहिल्यांदाच आली. आली म्हणजे गाडीनंच आणली.

आम्ही चौघं मित्र, कोल्हापूरचे. दीड वर्षापूर्वी एका इंजिनिअरिंग कॉलेजकडून पोरांनी स्पर्धेसाठी बनवलेली जुनी बग्गी घेतली. शेडमागं दोन पावसाळे भिजत पडली होती. पाइपाची चौकट, मागं १० हॉर्सपॉवरचं ३०५ सीसी ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन इंजिन, पुढं सीव्हीटी (पट्टा आणि दोन पुल्यांवर आपोआप गिअर बदलणारी यंत्रणा), त्यापुढं तीनचाकी टेम्पोचा गिअरबॉक्स. कार्ब्युरेटर उघडला तर आत कुंभारमाशीचं घर. ते साफ केलं, ब्रेकच्या पाइपा बदलल्या, सीट नवीन शिवली. गाडी झकास चालू झाली. ऊस गेल्यावर मित्राच्या मोकळ्या रानात रविवारी फिरवतो. रस्त्यावर काढत नाही, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून नेतो.

आता दुखणं. मागचे शॉकअप गळायला लागले म्हणून दिवाळीनंतर नवीन टाकले. दुकानात जुन्या मापाचे नव्हते, जुन्यापेक्षा ४० मिमी लांब मिळाले. आम्ही म्हटलं बरंच झालं, गाडी उंच होईल, खडक लागणार नाहीत. दिसतेय पण रुबाबदार. पण पहिल्याच रविवारी बांधावरून उडवली, मागची चाकं हवेत लटकली, खाली टेकली आणि इंजिन नुसतं ओरडायला लागलं. गाडी जागच्या जागी. डावा एक्सल (गिअरबॉक्सकडून चाकाकडं जाणारी शाफ्ट) गिअरबॉक्सकडच्या आतल्या कपातून बाहेर, बूट म्हणजे जोडावरचं रबरी आवरण फाटलेलं, ग्रीस सायलेन्सरवर उडून धूर. ट्रायपॉडच्या (कपात सरकणारा तीन रोलरचा जोड) एका रोलरच्या बेअरिंगच्या सुया ढेकळांत विखुरल्या होत्या. जुन्या स्पीकरचं मॅग्नेट दोरीला बांधून तासभर माती चाळली, तरी तीन कमीच.

नवीन रोलर, नवीन बूट घातला. पुढच्या रविवारी परत तेच. मग उद्यमनगरातल्या एका लेथवाल्याकडून आधीपेक्षा १२ मिमी लांब शाफ्ट करून घेतली. म्हटलं, निसटतोय म्हणजे आखूड पडतोय, लांब केला की प्रश्न मिटला. जॅकवर गाडी होती तेव्हा मस्त बसली. खाली उतरवून दोघं आत बसलो तर डावीकडून खाट् असा आवाज. दोनशे मीटर गेलो आणि गिअरबॉक्सच्या डाव्या ऑइलसीलमधून तेल ठिबकायला लागलं.

उजवी बाजू एकदाही निसटलेली नाही. तेच शॉकअप, तेच जोड, तीच चाकं. म्हणून डोकं चालेना. शाफ्ट अजून लांब करू, की लेथवाल्यानं माप चुकवलंय?

पाना_बारातेरा

भावा, लॉक बघितलास का? स्पायडर (रोलर ज्यावर बसतात तो तीन टोकांचा तुकडा) शाफ्टवर जिथं बसते तिथलं सर्क्लिप म्हणजे अडकवायची रिंग ढिलं असेल तर सगळं बाहेर येतं. आमच्या इथं एका रिक्षात तेच झालेलं.

चिखलगाडी

बघितलं दादा. स्पायडर शाफ्टवर घट्ट आहे. स्पायडरसकट शाफ्ट कपाच्या तोंडातून बाहेर येते.

ओळंबा

चिखलगाडी, शाफ्ट अजून लांब करू नका, आणि केलेली पण आजच काढा. तेल ठिबकतंय ते त्याच शाफ्टमुळं.

लेथवाल्याचा काही दोष नाही. शॉकअप ४० मिमी लांब झाला म्हणून चाक ४० मिमीच खाली जातं असं नसतं. चाक धरणारा जो दांडा, म्हणजे आर्म, त्याच्या मधे कुठंतरी शॉकअप बसतो, चाक टोकाला असतं. चाक किती लटकतंय ते मोजा. मला एवढी मापं द्या : आर्मच्या आतल्या पिव्होटपासून (जिथं तो चौकटीवर फिरतो) बाहेरच्या जॉइंटच्या मध्यापर्यंत किती. आतल्या जॉइंटच्या मध्यापासून बाहेरच्या जॉइंटच्या मध्यापर्यंत किती, डावी आणि उजवी वेगवेगळी. शाफ्ट आडवी असताना चाक जिथं असतं तिथून पूर्ण लटकल्यावर किती खाली जातं, जुन्या शॉकअपवर आणि नव्यावर. आणि कपात रोलरला बाहेर यायला आणि आत जायला किती जागा आहे.

मोजताना शॉकअप काढून ठेवा, म्हणजे चाक हातानं वरखाली करता येईल. गाडी लाकडी ठोकळ्यांवर ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका, ही विनंती नाही, दम आहे.

दुबईकर_राजा

इथं शारजात अल बदायरच्या वाळूत भाड्याच्या बग्ग्या दिवसभर उडत असतात. त्यांच्या मागच्या आर्मला पट्टे बघितलेत का कधी? चाक ठराविक अंतराखाली जाऊच नये म्हणून बांधलेले असतात. मला आधी वाटायचं ट्रॉलीवर बांधायचे पट्टे सोडायचे राहिले. ओळंबाकाका तिकडंच नेतायत असं दिसतंय.

चिखलगाडी

काका, काल संध्याकाळी चौघं बसलो. एक ओळंबा धरून, एक मोबाइलचा टॉर्च, एक फुटपट्टी, आणि एक नुसता सल्ले.

आर्म पिव्होट ते बाहेरचा जॉइंट : दोन्हीकडं ४२० मिमी.
आतला जॉइंट ते बाहेरचा : डावीकडं ३००, उजवीकडं ३८०. गिअरबॉक्स मधोमध नाहीच आहे! सीव्हीटीला जागा करायला पोरांनी तो डावीकडं सरकवलाय. दीड वर्षं गाडीखाली लोळतोय, कधी लक्षातच आलं नाही.
लटकणं : जुन्या शॉकअपवर १००, नव्यावर १७०.
डाव्या कपात, शाफ्ट आडवी असताना, रोलरला बाहेर यायला ११ मिमी आणि आत जायला ८ मिमी जागा. ही जुन्या शाफ्टवरची मापं आहेत.

कपात रोलरवर थोडी पांढरी पेस्ट लावून फिरवलं, म्हणून एवढं नेमकं सांगू शकतोय.

ओळंबा

वा. असं मोजणारी माणसं हल्ली कमी.

आता कागद घ्या. आर्म आणि शाफ्ट दोन्ही कंपासच्या काट्यासारखे फिरतात, पण त्यांची मध्यबिंदूची खिळी वेगळी आणि लांबी वेगळी. चाक १७० खाली गेलं की ४२० चा आर्म बाहेरच्या जॉइंटला साधारण ३६ मिमी आत ओढतो. डावीकडं आडवं अंतर ३०० चं २६४ झालं. खाली १७०, आडवं २६४, कर्ण काढा : ३१४. म्हणजे शाफ्ट १४ मिमी बाहेर खेचली जाणार, आणि कपात जागा ११ ची. निसटली. उजवीकडं ३८० चं ३४४ झालं, कर्ण जेमतेम ३८४, म्हणजे फक्त ४ मिमी. म्हणून उजवी गप्प.

जुन्या शॉकअपवर १०० लटकायचं तेव्हा डावीकडं ५ मिमीच निघायचं. पोरांनी गिअरबॉक्स सरकवला, पण सरकवून हिशेब बसवला होता. त्यांना नावं ठेवू नका.

आता तुमची १२ मिमी लांब शाफ्ट. दोन जॉइंटमधलं अंतर सगळ्यात कमी कधी असतं? शाफ्ट आडवी असते तेव्हा. जॅकवर चाक लटकलेलं, म्हणून तुम्हाला ती मस्त बसल्यासारखी वाटली. दोघं आत बसलात, चाक वर आलं, शाफ्ट आडवी झाली. आत जागा ८ ची आणि शाफ्ट १२ जास्त. तोच खाट्. शाफ्टचं टोक कपाच्या बुडावर घणासारखं बसलं, तो धक्का डिफरन्शियलच्या बेअरिंगला आणि सीलला गेला. सील बदलताना बेअरिंग हातानं फिरवून बघा, खरखर लागली तर तेही बदला.

सातारचा_सर्जा

मग गिअरबॉक्स ४० मिमी उजवीकडं सरकवून मधोमध आणला तर? दोन्हीकडं ३४० येईल. कायमचा इलाज.

ओळंबा

करून बघा कागदावर. दोन्हीकडं ८ मिमी निघेल, म्हणजे निसटणार नाही. पण कोन बघा : २९ अंश. बाहेरचा गोळ्यांचा जॉइंट ४५ च्या आसपास पेलतो, पण आतला ट्रायपॉड २३–२५ अंशांपुढं गेला की रोलर कपाच्या कडेला घासतात, बूटाच्या घड्या एकमेकींवर चढून फाटतात. आत्ता डावीकडं १७० ला कोन ३३ येतोय. शाफ्ट कितीही लांब केली असती तरी कोन तोच राहिला असता. आणि गिअरबॉक्स हलवला की सीव्हीटीच्या दोन्ही पुल्या परत एका रेषेत आणा, माउंटिंग कापा, जोडा... रविवार संपतील.

लटकणंच आखडा. १२० वर कोन २३ येतो आणि शाफ्ट ७ मिमी निघते. दोन्ही मापांत बसतं. पट्टा ताणला जातो, म्हणून ११० वर बांधा.

दुबईकर_राजा

पट्टा नायलॉनचाच घ्या, वायररोप नको. वायररोप एकदम थांबवतो, ब्रॅकेट उपटतं. आणि तो आर्मच्या टोकाकडं बांधा, शॉकअपच्या बोल्टला लटकवू नका.

पाना_बारातेरा

माझा लॉकचा अंदाज चुकला, कबूल. वेल्डिंगचं मात्र सांगतो, कारण ते रोजचं काम आहे. पट्ट्याच्या ब्रॅकेटसाठी चौकटीच्या पाइपाला भोक पाडू नका. या स्पर्धेच्या गाड्यांचा मुख्य पाइप नियमाप्रमाणं बहुधा २५ मिमी व्यासाचा आणि ३ मिमी जाडीचा असतो. भोक पाडलं की उलटल्यावर तिथूनच वाकणार. पाइपाला अर्धगोल पट्टी बसवून तिच्यावर कान वेल्ड करा. त्याआधी पेट्रोलची टाकी काढून लांब ठेवा, बॅटरीची वायर सोडा. तुमच्या टाकीची जागा सीटच्या पाठीमागंच असणार.

आणि एक, बूटात साधं चेसिस ग्रीस भरू नका. जॉइंटचं काळं मॉलिब्डेनमवालं मिळतं, तेच भरा. बूट आवळायला बांधकामाची तार वापरलीत ना? खरं सांगा.

चिखलगाडी

वापरली.

सातारचा_सर्जा

कॉलेजच्या पोरांच्या या स्पर्धेला बाहाच्या शर्यतीचं नाव आहे, आणि ही असली लटकण्याची भानगड त्या मूळ शर्यतीत पण असेलच. मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियात १९६७ ला पहिली शर्यत झाली, तेव्हा बीटलच्या सांगाड्यावर फायबरची बॉडी घातलेली मेयर्स मँक्स जिंकली होती. आपल्याकडची पोरं बाहाला बाजा म्हणतात. स्पेलिंग वाचून म्हणतात, पण सनईसारखं छान वाटतं.

जाता जाता : ट्रॉलीत घालून नेता ते उत्तम करता. लोक सांगतात कलम ५२ मुळं अडचण, ते नोंदणी झालेल्या गाडीत केलेल्या बदलांचं. तुमच्या गाडीची नोंदणीच नाही, म्हणजे मोटार वाहन कायद्याचं कलम ३९. सार्वजनिक जागेत चालवायचीच नाही. शेजारच्या गावाच्या जत्रेत दाखवायला नेताना पण ट्रॉलीतच.

चिखलगाडी

मंडळी, तीन रविवारांनी हजर.

जुन्या मापाची शाफ्ट परत बसवली. ऑइलसील बदललं. बेअरिंगला खरखर नव्हती, वाचलो. पट्टे मालट्रकवर माल आवळायच्या बेल्टचे, दुमडून दुहेरी शिवले. शिवून दिले आमच्या सीटवाल्यानंच, आधी म्हणाला बैलगाडीचा साज आहे का. अर्धगोल पट्टी वेल्ड करून घेतली, टाकी रानाच्या दुसऱ्या टोकाला ठेवून. पट्टा ११० वर बांधला. गाडीचा मागचा भाग उचलून चाकं झटका देऊन सोडली, परत मोजलं : ११६. काका, तुमचा १२० चा अंदाज अगदी जवळ.

शॉकअपची वरची ब्रॅकेट पण थोडी वर घेतली, कारण उभ्या गाडीत शाफ्ट आता आडवी राहत नव्हती. त्यानं रुबाब थोडा कमी झाला. एकाचं तोंड उतरलंय, पण तो सल्ले देणाराच आहे.

मग तोच बांध. पहिल्यांदा कुणी बसायला तयार नव्हतं म्हणून मीच बसलो. वर गेली, लटकली, पट्टा ताणल्याचा फट्ट आवाज आला, खाली बसली आणि पुढं निघून गेली. वीसेक वेळा उडवली. शेवटी बांधच खचला आणि मित्राच्या वडिलांनी कुदळ हातात दिली.

संध्याकाळी बूट पुसून बघितले, कोरडे. डाव्या कपावर पेस्ट लावून परत फिरवलं, रोलर काठापासून चांगले आत आहेत. फक्त स्टिअरिंग टोकापर्यंत पूर्ण वळवलं की पुढून टकटक येते, पण ती पुढच्या नॅकलच्या (पुढचं चाक ज्यावर वळतं तो भाग) बॉलजॉइंटची असावी. त्याचा धागा वेगळा काढतो.

पानादादा, तार काढली, पत्र्याचे क्लॅम्प आणलेत.

ती १२ मिमी जास्त लांब शाफ्ट मात्र गॅरेजच्या कोपऱ्यात उभी आहे. चांगल्या स्टीलची, एका टोकाला थोडी चेपलेली. कुणाला पहार म्हणून हवी असेल तर कोल्हापुरात येऊन घेऊन जा, चहा आमच्याकडून.