लीजवरच्या जागेचा फ्लॅट घ्यायचाय, वकील कसला बघू?

फोंडेकर_७:
म्हापशात एक जुना फ्लॅट बघितलाय, जागा ९९ वर्षांच्या लीजवर आहे आणि त्यातली ६० संपलीयत. एजंट म्हणतो सगळं क्लियर आहे, पण तो तेच म्हणणार ना. बिल्डरचाच वकील चालेल का?

मडगावचो_बाबा:
बिल्डरचा वकील अजिबात नको, तो बिल्डरचंच बघणार. स्वतःचा घे, आणि शक्यतो तिकडचाच, सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात रोज उठबस असलेला. मूळ लीज डीड रजिस्टर आहे का ते आधी बघ, एका वर्षावरच्या लीजला रजिस्ट्रेशन लागतंच. मग विकायला मूळ मालकाची एनओसी लागते का, ट्रान्सफर फी कोण भरणार, लीज संपल्यावर रिन्यूअल कुणाच्या मर्जीवर, हे सगळं त्या डीडमध्येच असतं, तोंडी काही धरू नको. उरलेली ३९ वर्षं लोनला पुरतात का ते बँकेला आधीच विचार.

साखळीकर:
एक राहिलं भाऊ, गोव्यात विकणारा लग्न झालेला असेल तर नवरा-बायको दोघांची सही लागते, सिव्हिल कोडमुळे, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर. आमच्या काकांचा व्यवहार यावरच सहा महिने अडला, बायको दुबईत. आणि मालक वारला असेल तर वारसांचे कागद झालेत का बघ.

फोंडेकर_७:
बापरे, मालक वारलाच आहे. टोकन देणार होतो उद्या, थांबवतो.