कुटबणच्या खलाशांवरची फिल्म: यात गोव्याची बदनामी कुठे आहे?

सत्तरीकर: काल इथे एकाने या फिल्मवाल्याबद्दल लिहिलं, "ओडिशाहून आला, दहा वर्षं गोव्याचं मीठ खाल्लं आणि लघुपट काढून आमचीच घाण जगाला दाखवतो." वाचल्यापासून डोकं तापलंय. फिल्ममध्ये आहे काय? दक्षिण गोव्यातली कुटबण मासेमारी जेटी, ट्रॉलरवर दाटीवाटीने राहणारे ओडिशा-झारखंडचे खलाशी, पिण्याच्या पाण्याचे आणि संडासाचे हाल. २०२४ मध्ये तिथेच कॉलरा पसरून खलाशी दगावले. तेव्हा गोव्याची लाज गेली नाही, कॅमेरा आला तेव्हा गेली? मी किंवा तुम्ही गेलो असतो तर "सगळं बरं आहे, साहेब" एवढंच ऐकून परतलो असतो. फिल्मवाला ओडियात बोलला म्हणून ती पोरं बोलली.
माझे वडील १९९० साली कुवेतमध्ये होते, एका खोलीत नऊ जण. ऑगस्टमध्ये इराकी सैन्य घुसलं आणि मालक पासपोर्ट कपाटात ठेवून पळाला. तिथे आमचे बाबाच भायले, म्हणजे बाहेरचे, होते.

काणकोणकर: बाबांचं ऐकून वाईट वाटलं. पण माझा आजा रापणकार, किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढून मासे धरणारा. ट्रॉलर आले आणि किनाऱ्यावर ओढायला बांगडा-तारला उरला नाही. एलईडी दिवे लावून मासेमारीवर २०१७ पासून बंदी, तरी रात्री दर्यात उजेड दिसतो. त्याच ट्रॉलरवरच्या लोकांसाठी आम्ही रडायचं? आमच्यावर एक मिनिट नाही फिल्ममध्ये.

सत्तरीकर: ट्रॉलर खलाशाचा नसतो, मालकाचा असतो. आणि मालक बहुतेक आपलेच.

फोंड्याची बाई: मला दुसरंच खटकलं. फिल्मच्या खाली येणाऱ्या ओळी इंग्रजीत आणि रोमी कोकणीत, म्हणजे रोमन लिपीतल्या कोकणीत, मराठीत एकही नाही. माझी सासू घरात कोकणी बोलते, पेपर मराठी वाचते, आरती मराठीत म्हणते. रोमी तिला येत नाही. १९८७ च्या राजभाषा कायद्यातसुद्धा सरकारी कामाला मराठीची सोय आहे, मग फिल्मवाल्याला काय अडचण?

मडगावचा: झालं सुरू! माणसं कॉलऱ्याने मेली आणि तुम्हाला लिपीची पडलीय. तुम्हाला अजून महाराष्ट्रातच जायचंय.

फोंड्याची बाई: तोंड सांभाळून. गोवा महाराष्ट्रात जावा का, हे ठरवणारा जनमत कौल १९६७ चा, माझा जन्म त्यानंतरचा. मराठी वाचते म्हणून माझं गोंयकारपण तुम्ही मोजायचं नाही. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवली, आणि दर वेळी हेच ऐकलं.

पेडणेकर: बाई बरोबर बोलतात. आमच्या वाड्यावर ही फिल्म दाखवायची तर बायकांना कळणार कशी? कोकणी देवनागरीत लिहिली असती तरी चाललं असतं.

मडगावचा: महाराष्ट्राचं बोललो ते चुकलं, मागे घेतो. रोमीवर मात्र माझं मत बदलणार नाही, माझे शेजारी तीच वाचतात.

सत्तरीकर: बाई, मराठी ओळी मी लिहून देतो, तुम्ही शुद्धलेखन तपासा. फिल्मवाल्याला आजच विचारतो.

फोंड्याची बाई: पाठवा. पण "खलाशी"चं "कामगार" करू नका.

काणकोणकर: खलाशांना पाणी-संडास मिळायला हवं, एवढं मान्य. बाकी काही नाही. आणि त्याला विचारणारच आहात तर सांगा, रापण बघायला ये. पहाटे साडेचारला होडी सुटते. उशीर केला तर कोणी थांबणार नाही.